शाळेची पहिली परसबाग : वाफा, वही आणि सात दिवसांचा नियम

दरवर्षी शाळा उघडली की ओळखीतल्या एखाद्या शिक्षकाचा फोन येतोच, "बाई, आम्हालाही परसबाग करायची आहे. काय काय लावू?" मी आधी उलट विचारते, "मुलांनी बागेत काय बघावं असं तुम्हाला वाटतं?" कारण या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. जागा कुठली, पीक कुठलं, फवारायचं की नाही, सगळं.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या बागेची भाजी मध्यान्ह भोजनात जाते आणि त्याचा आम्हा सगळ्यांना आनंदच आहे. पण माझ्या मते भाजी हा त्यातला दुसरा लाभ. पहिला लाभ हा, की कोण कोणाला खातं, कोणावाचून कोणाचं अडतं, हे मुलांना हाताच्या अंतरावर घडताना दिसतं. पाचवीच्या परिसर अभ्यासात अन्नसाखळीचं चित्र असतं. आमच्याकडे ती चवळीच्या शेंड्यावर असते.

पहिला आठवडा नुसतं बघा

कुदळ इतक्यात काढू नका. जागा निवडताना सगळे मोकळी जमीन आणि नळ बघतात. ऊन बघायचं राहून जातं, आणि ते फसवतं. पहिल्या वर्षी मी वर्गखोल्यांच्या उत्तरेला, भिंतीपासून चार-पाच फुटांवर वाफे केले. जूनमध्ये तिथे भरपूर ऊन होतं. भेंडी छान आली. दिवाळीनंतर त्याच वाफ्यांत मेथी-पालक पेरला, तर रोपं पिवळट आणि लांबट झाली आणि आडवी पडली. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, इथे ऊन कधी येतं?"

येतच नव्हतं. आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पुण्याला तर किंचित उत्तरेलाच. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला झुकतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या भर दुपारी १२ फूट उंच भिंतीची सावली जवळपास ११ फूट उत्तरेकडे पडते. म्हणजे आमचे वाफे अख्खा हिवाळा सावलीत. तेव्हा इमारतीच्या दक्षिणेची किंवा पूर्वेची जागा मिळाली तर ती घ्या. उत्तरेचीच असेल तर भिंतीच्या उंचीएवढं अंतर सोडून मग पहिला वाफा आखा. मुलांना मैदानात एक काठी रोवायला सांगा आणि दर महिन्याच्या २१ तारखेला दुपारी साडेबाराला तिची सावली मोजून घ्या. या एका काठीवर भूगोलाचे दोन धडे होतात.

त्याच आठवड्यात मुलांकडून आवाराचा नकाशा काढून घ्या. पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, ताटं धुतलेलं पाणी कुठे जातं, शेळ्या कुठल्या बाजूने आत येतात. शेळ्यांचा रस्ता मुलांना आपल्यापेक्षा नक्की जास्त माहीत असतो. कुंपण तिथे आधी.

माती हातात घ्या

तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत मैदानातली माती, एकीत झाडाखालची, एकीत शेजारच्या शेतातली, प्रत्येकी तिसरा हिस्सा. वर पाणी भरा, झाकण लावून खूप हलवा आणि खिडकीत ठेवा. रेती एक-दोन मिनिटांत तळाशी बसते. त्यावर बारीक गाळ बसायला काही तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. वर तरंगणारा काळा कचरा म्हणजे कुजलेला पालापाचोळा. तो झाडाखालच्या मातीत सगळ्यात जास्त दिसतो, आणि 'हा तिथेच का?' हा प्रश्न मुलंच विचारतात. उत्तर लगेच देऊ नका.

काळ्या मातीत पाणी धरून राहतं, म्हणून तिथे गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा, हवाच. मुरमाड जमीन असेल तर शेणखत आणि पालापाचोळ्याशिवाय भागणार नाही. कोकणात जांभ्याची माती आणि धो धो पाऊस, तिथे वाफा आणखी थोडा उंच करा आणि कडेने चर ठेवा.

खणायचं ते वाफसा आल्यावरच. हा शब्द मुलांना जरूर शिकवा. शेतकऱ्यांच्या घरची मुलं तो ऐकत मोठी होतात, पण त्यामागचं विज्ञान त्यांना कोणी सांगत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून लाडू करा. बोटाने टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर अजून थांबा. कोरडाच भुरभुरला तर पाणी द्या. मुळांनाही श्वास लागतो, हे या लाडवातून मुलांना पटकन समजतं.

आणि एक गणती. एक फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट खोल एवढी माती घमेल्यात काढा, गांडुळं मोजा, परत सोडून द्या. आकडा भिंतीवर लिहून ठेवा. सप्टेंबरमध्ये तीच मोजणी पुन्हा करायची आहे.

वाफे : पहिल्या वर्षी चार पुरेत

रुंदी ३ फूट, म्हणजे मुलांचा हात दोन्हीकडून मधोमध पोचतो. पहिली-दुसरीची मुलं असतील तर अडीच फूट. उंची अर्धा फूट, लांबी जागेप्रमाणे. मधली वाट दीड फुटाची. वाफ्यावर पाय देणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी.

चारांपैकी तीन वाफे पेरायचे. चौथा मोकळा सोडायचा. त्यात काही लावायचं नाही, खुरपायचं नाही, फक्त बघायचं. आमच्या मोकळ्या वाफ्यात पहिल्या पावसानंतर घोळ, तांदूळजा, केना, कुर्डू, टाकळा असं सगळं आलं. यातलं कुठलं खातात, हे मुलांच्या आज्यांना माहीत होतं. आम्ही एका दुपारी चार आजींना शाळेत बोलावलं. त्यांनी ओळखून दिल्याशिवाय कुठलीही पानं तोंडात घालायची नाहीत, हे मात्र मुलांना बजावून सांगा. गाजरगवत उगवलं तर ते एवढंच फुलायच्या आत काढायचं, तेही मोठ्या माणसाने, हातावर पिशवी चढवून. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दम्याचा त्रास होतो.

काय पेरायचं

पावसाळ्यात चवळी, भेंडी, डांगर, गवार. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. टोमॅटो-वांग्याची रोपं आधी तयार करावी लागतात, ती दुसऱ्या वर्षी घ्या. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापणीला येते, म्हणून लहान मुलांना तीच द्या. त्यांना वाट बघणं जड जातं. भेंडी ४५ ते ५० दिवसांत तोडायला येते. धने पेरण्याआधी रगडून दोन फाकी करायला विसरू नका.

कडेने झेंडू लावा. कोथिंबिरीची चार झुडपं न कापता फुलू द्या. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर इतके चिमुकले पाहुणे येतात की भिंग घेऊन बसलेली मुलं घंटा झाली तरी उठत नाहीत. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं एक झाड हवंच. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी दिसेल. काही दिवसांनी ती हिरवीगार होते. गवताच्या काडीने डोक्याजवळ हलकेच स्पर्श केला की ती शेंदरी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिला मारू नका, ती फुलपाखराची अळी आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू ठरवलं, ते राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, याच गोतावळ्यातलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात.

बी शक्यतो गावातलं, कोणाच्या तरी घरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं घ्या. संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येईल याची खात्री नसते, आणि आपल्याला तर बी धरायला शिकवायचं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२०ची पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट बी पेरण्याच्या दिवशी सांगा. दुकानातलं बी आणलंच आणि ते गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्यावर औषध चोळलेलं आहे. ते मुलांच्या हातात द्यायचं नाही.

अंतर वितीने मोजा, पण मुलांची वीत लहान असते. प्रत्येकाने आधी स्वतःची वीत पट्टीवर मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. भेंडीच्या दोन झाडांत एक फूट म्हणजे माझ्या किती विती, हे गणित चौथीतली मुलं आनंदाने करतात.

वही

पाच मुलांचा एक गट, एका गटाला एक वाफा, रोज दहा मिनिटं. परिपाठानंतरची वेळ उत्तम. वहीत तारीख, पाऊस किंवा ऊन, झाडाची उंची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आज झाडावर कोण होतं आणि काय करत होतं. 'किडा दिसला' एवढं लिहिलेलं मी मान्य करत नाही. पाय किती, पंख होते का, पान खात होता की रस पीत होता की नुसता बसला होता? चित्र काढलंच पाहिजे, वेडंवाकडं चालेल.

नावं सांगायची घाई करू नका. नाव कळलं की मुलांचं बघणं थांबतं. आमच्या मुलांनी एकाला 'नमस्कार करणारा' असं नाव दिलं होतं. तो खंडोबाचा किडा निघाला. पण नाव कळेपर्यंत त्यांनी त्याला दोन माश्या पकडताना पाहिलं होतं.

सात दिवसांचा नियम

बाग लावल्यावर महिन्या-दीड महिन्यात चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस पिणारी बारीक कीड, येणार. शेंडा काळाकुट्ट दिसायला लागतो, मुलं घाबरतात, गावातला कोणीतरी सहृदय माणूस औषधाची बाटली देऊ करतो. त्या क्षणी तुम्ही हात आवरलात तर तुमची बाग पर्यावरण शिकवेल. फवारलंत तर ती फक्त चवळी देईल.

आमच्या शाळेचा नियम असा आहे : कोणतीही कीड दिसली की त्या झाडाला लाल दोरा बांधायचा आणि सात दिवस फक्त बघायचं.

पहिल्या दिवशी भिंगातून दिसतं की मावा सोंड खुपसून रस पीत एकाच जागी बसलेला आहे. पानं चिकट लागतात, कारण जास्तीचा गोड रस तो मागून सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. मुलांना वाटतं मुंग्या मावा खायला आल्या. थांबा आणि बघू द्या. मुंगी माव्याला मिशांनी थापटते, गोड थेंब बाहेर येतो, ती तो पिते. एका मुलाने हे पाहून वहीत लिहिलं होतं, "मुंगी माव्याची धार काढते." त्याच्या घरी दोन म्हशी होत्या.

मग लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे येतात. ते मावा खातात, आणि मुंग्या त्यांना हुसकावतात. आपली दुभती जनावरं कोण सोडेल? पानाखाली पिवळ्या अंड्यांचे उभे पुंजके सापडतील. तीन-चार दिवसांनी त्यातून काळ्या, लांबोडक्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या निघतात. चिमुकल्या मगरीच जणू. या अळ्यांना भल्याभल्या शेतकऱ्यांनी कीड समजून चिरडलेलं मी पाहिलं आहे. खरं तर मावा खाण्यात या आपल्या आईबापांना हार जात नाहीत. काही मावे फुगून तपकिरी झालेले दिसतात, पाठीला गोल भोक. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीच्या पिल्लाने मुक्काम केलेला असतो.

सातव्या दिवशी गट वही उघडून ठरवतो. ढालकिडे, त्यांच्या अळ्या, भोकं पडलेले मावे, यातलं काही दिसलं तर आणखी सात दिवस. बहुतेक वेळा पुढचं काम तेच करतात. रोप अगदीच चार पानांचं असेल तर मात्र वाट बघू नका, मावा पाण्याच्या धारेने धुऊन टाका किंवा तेवढा शेंडा खुडा.

यावर एक प्रयोग जरूर करा. मावा आलेली दोन सारखी झाडं निवडा, शेजारच्या झाडांना न टेकणारी. एकाच्या बुंध्याला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर द्या, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. दुसरं तसंच ठेवा. रोज दोन्हींवरचे ढालकिडे मोजा. मुंग्या नसलेल्या झाडाचं काय होतं, ते मुलांना त्यांच्याच आकड्यांतून कळू द्या.

शेवटी काही फवारायचंच झालं, तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, संध्याकाळी फवारा. तोही शिक्षकाने, आणि फुलांवर नाही. बागेत कोतवाल पक्ष्यासाठी दोन-तीन पक्षीथांबे रोवा. बांबूला वर आडवी काठी बांधली की झाला थांबा.

शनिवारच्या सकाळचं डांगर

डांगराचा वेल फुलायला लागला की आठवडाभर मुलांची एकच तक्रार असते, "फुलं येतात आणि गळून जातात." कारण सुरुवातीला सगळी नरफुलं असतात. थोड्या दिवसांनी मादीफुलं येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, गोल, हिरवं डांगर आधीपासूनच असतं. हा फरक एकदा दाखवला की मुलं वेलाखाली डोकं घालून मोजत बसतात.

डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. साडेदहाच्या शाळेला ते हुकतं. शनिवारची सकाळची शाळा मात्र यासाठीच असावी असं मला वाटतं. शुक्रवारी शाळा सुटताना, दुसऱ्या दिवशी उमलतील अशा टोकाला पिवळ्या झालेल्या कळ्या शोधा. मादीच्या चार कळ्यांवर मलमलच्या फडक्याची पिशवी दोऱ्याने सैल बांधा. शनिवारी सकाळी त्यातल्या दोन तशाच बंद ठेवा. उरलेल्या दोन उघडा. ताजं नरफूल तोडून पाकळ्या काढा, त्याचा परागांनी माखलेला दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवा आणि पिशवी पुन्हा बांधा. शेजारच्या दोन मादीफुलांना खूण करून मधमाश्यांवर सोडा.

पाच-सहा दिवसांत बंद ठेवलेल्या फुलांखालची डांगरं पिवळी पडून गळतात. हाताने पराग दिलेली बहुतेक वाढू लागतात. मधमाशी नसेल तर काय होईल, यावर मला आजवर भाषण द्यावं लागलेलं नाही. गळालेलं पिवळं डांगर मुलं वहीत चिकटवतात.

मग हाच प्रयोग भेंडीवर करा. भेंडीच्या फुलाला पिशवी बांधली तरी भेंडी धरते, कारण एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि तिचं स्वतःवर भागतं. 'मग डांगराचं का नाही भागत?' या प्रश्नावर एक अख्खा तास जाऊ द्या. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात. ज्यांच्या घरी वेल आहे त्यांना रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन बघायला सांगा, दुधीच्या पांढऱ्या फुलावर कोण येतं ते.

मुळांकडे

चवळी फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड खुरप्याने बाजूची माती सैल करून अलगद काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं बादलीत बुडवून धुवा. त्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या आणि त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडासाठी पकडत आहेत. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्याच एका द्रव्याचा. हे ऐकून आमच्या वर्गात कमालीची शांतता पसरली होती.

नंतर भेंडीचं मूळ काढून दाखवा, गाठी नाहीत. मग घरी जाऊन 'चवळीचा बेवड' म्हणजे काय ते विचारून यायला सांगा. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा लाभ म्हणजे बेवड. दिवाळीनंतर मेथी-पालकापैकी पालक चवळीच्या वाफ्यात घ्या. चवळी काढताना झाड बुडापासून कापा आणि मुळं मातीतच राहू द्या.

पाणी, भाजी आणि सुट्ट्या

ताटं राखेने धुतली तर ते पाणी वाफ्यांना चालतं, साबणाचं नको. तांदूळ धुतलेलं पाणी मावशींना वेगळ्या बादलीत ठेवायला सांगा. वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचं चार बोटं आच्छादन केलं की पाणी निम्म्या खेपांत भागतं. नुसतं सांगू नका, एक वाफा उघडा ठेवून दोन्हींच्या बादल्या मोजा. पाला वाटेवर मात्र पसरू नका, त्याखाली विंचू बसतो. बागेत चपला-बूट घालूनच जायचं, आणि गवत दाट झालेल्या कोपऱ्यात हात घालायचा नाही.

भाजी खिचडीत जाण्याआधी वजन करून फळ्यावर लिहा आणि स्वच्छ धुवा. ताजं शेण पालेभाजीच्या वाफ्याला घालू नका, पूर्ण कुजलेलंच घाला.

दिवाळीच्या सुट्टीआधी पावसाळी पीक आटोपतं घ्या आणि नवी पेरणी शाळा उघडल्यावरच करा. सुट्टीत पाणी घालणाऱ्या तिघांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून घ्या. 'कोणीतरी घालेल' यावर आमचा एक हंगाम गेला. उन्हाळ्यात पाणी नसेल तर वाफे पाल्याने जाड झाकून सोडून द्या, कढीपत्ता-लिंबू तेवढे जगवा.

प्रत्येक पिकाचं सगळ्यात जोमदार एक झाड तोडायचं नाही. त्याला पहिल्या दिवशीच पांढरा दोरा बांधा आणि मावशींनाही सांगून ठेवा. भेंडी झाडावरच वाळून तडकू द्या, चवळीच्या शेंगा खुळखुळू द्या. बी सावलीत वाळवा, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळा आणि काचेच्या बाटलीत भरा. चिठ्ठीवर पिकाचं नाव, तारीख, आणि ज्या गटाने ते राखलं त्या पाचही मुलांची नावं. आमच्याकडे एप्रिलमध्ये, निकालाच्या आधीच्या शनिवारी, सातवीची मुलं या बाटल्या आणि वह्या सहावीच्या हातात देतात. बाटली कुठल्या कपाटात ठेवायची आणि किल्ली कोणाकडे, हे ती आपापसांत ठरवतात.